‘गाव’ म्हणजे नक्की कोण? पाटाकाठच्या माझ्या गावकऱ्यांना खुलं पत्र

ग्रामसभेचे सर्व सभासद, पाणीवापर संस्थेचे संचालक आणि चारही फडांमधले खातेदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घातलेलं नाही. पांझरेच्या काठानं पिंपळनेरकडून मुडावदच्या संगमापर्यंत आपल्यासारखी कितीतरी गावं लागतात, त्यांतल्या कुणालाही हे पत्र आपलंच वाटेल. पण लिहिते आहे ते तुम्हाला. तुमच्यातल्या निम्म्यांना मी मराठी शिकवलं आणि उरलेल्यांच्या मुलांना शिकवलं. गल्लीत अजून ‘बाई’ म्हणूनच हाक मारता. त्या हक्कानं चार गोष्टी सांगते.

१५ ऑगस्टची ग्रामसभा गणपूर्ती नाही म्हणून तहकूब झाली. कायद्याला एकूण मतदारांचे पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यांतला जो आकडा कमी असेल तेवढीच माणसं लागतात. तेवढीही जमली नाहीत. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून पुढच्या सभेला आम्ही एकवीस जण बसलो आणि ठराव झाला, की पाटातला गाळ काढण्यासाठी निधीची मागणी करावी आणि निधी मंजूर झाल्यावर काम हाती घ्यावं. टेबलामागच्या भिंतीवर पंधरा ऑगस्टचा फलक तसाच लावलेला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘गाव करील ते राव काय करील!’ दोन दिवसांनी इतिवृत्ताची वही शेजारच्या घरी सहीसाठी आली, तेव्हा मी ओट्यावरच बसले होते. ठराव काय आहे हे शेजारच्यांनी विचारलं नाही आणि वही आणणाऱ्यानंही सांगितलं नाही. सही झाली, वही पुढच्या घरी गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ही म्हण मी एकतीस वर्षं वर्गात शिकवली आहे. ‘म्हणीचा अर्थ लिहा’ या एका गुणाच्या प्रश्नाला मी सांगितलेलं उत्तर तुम्हाला अजून पाठ असेल: ‘जे काम एकीच्या बळावर होते, ते एकट्या श्रीमंत किंवा सत्ताधारी माणसाकडून होत नाही.’ उत्तर चुकीचं नाही. पण त्यात म्हणीचा जीव नाही, हे मला गेल्या रब्बीत कळलं.

गेल्या माघात टेलचे, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाकडचे, एक नाना माझ्याकडे आले होते. खिशातून त्यांनी मूठभर हरभऱ्याचे घाटे काढले आणि माझ्या ओट्यावर एकेक फोडून दाखवायला लागले. बाहेरून फुगलेला घाटा, आत दाणा नाही, नुसता पोचट. ऐन घाटे भरायच्या वेळी त्यांच्याकडे पाणी पोचलं नव्हतं. नानांनी तक्रार कुणाचीच केली नाही. फक्त म्हणाले, “बाई, पाणी निघतं म्हणतात वरून. मग जातं कुठं?”

ते कुठं जातं हे पाहायला दुसऱ्या दिवशी मी बंधाऱ्यापासून पाटाच्या काठाकाठानं चालत गेले. पहिल्या वळणावर गाळाचा उंचवटा, त्यावर बेशरमीचं रान. पुढं लव्हाळा इतका, की पाणी दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. एका मोरीच्या तोंडाशी लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिक अडकून बांधच झाला होता. दोन ठिकाणी पाटाच्या पोटातून पाइप काढलेले. आणि ज्यानं माझा पाय थांबवला ते हे, की प्रत्येकाच्या बाऱ्यासमोरचा, म्हणजे शेतात पाणी घ्यायच्या तोंडासमोरचा, तेवढा पाट स्वच्छ होता. आठ-दहा पावलं लख्ख, मग गाळ, मग पुन्हा पुढच्याच्या बाऱ्यापाशी आठ-दहा पावलं लख्ख. कुणी आळशी नव्हतं. जो तो राबला होता, फक्त स्वतःपुरता. मधला पाट सगळ्यांचा होता, म्हणून त्याला कुणाचाच हात लागला नव्हता.

आता म्हणीकडे येते. ती कुणी पहिल्यांदा म्हटली याची नोंद कुठं मिळणार नाही, म्हणींच्या नशिबात ती नसतेच. पण तिच्यातले दोन शब्द नीट उलगडले तर ती कुठल्या मातीतून आली ते दिसतं. ‘राव’ हे ‘राजा’ याच शब्दाचं प्राकृतातून घासून आलेलं रूप. पुढं सरदार-देशमुखांच्या नावाला तो मान लागला आणि इंग्रजांनी रावसाहेब, रावबहादूर असे किताबच काढले. म्हणजे राव हा वरचा, हुकूम देणारा, खजिना असलेला. त्याच्यासमोर उभं केलेलं ‘गाव’ म्हणजे मात्र नुसती घरं नव्हेत आणि गर्दीही नव्हे.

मराठेशाहीतल्या जुन्या कागदांत गावासाठी एक सुंदर शब्द येतो, ‘समस्त पांढरी’. वस्तीची जमीन पांढरी, पिकाची काळी. वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा, म्हणजे गावची न्यायसभा, बसायची, तिच्या निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जायचा आणि त्यावर पाटील-कुलकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्या निशाण्या पडायच्या. पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्यांची आपापल्या धंद्याची हत्यारं. ज्याला अक्षर येत नव्हतं त्याचंही हत्यार कागदावर उमटायचं, आणि उद्या त्या निवाड्यावर वाद झाला तर त्याला उभं राहून सांगावं लागायचं, की हो, मी तिथं होतो. आपल्या इतिवृत्ताच्या वहीतल्या सह्यांशेजारी त्या निशाण्या ठेवून पाहा.

आणखी एक रिवाज होता, त्यावरून तर म्हणीचा अर्थ ढळढळीत समजतो. गावात चोरी झाली की रामोशी, महार, जागले चोराच्या पावलांचा माग काढायचे. माग शिवेपर्यंत न्यायचा आणि पुढच्या गावाच्या हवाली करायचा. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेत घेतला की आधीचं गाव मोकळं. माग मध्येच विरला, पुढं दाखवता आला नाही, तर चोरीची भरपाई त्या गावावर. शेतसाऱ्याचंही अनेक ठिकाणी असंच, एखाद्या मिरासदाराचं, म्हणजे वंशपरंपरेच्या जमीनधारकाचं, देणं थकलं तर बाकीच्या मिरासदारांनी मिळून भरायचं. यात जुलूम होता का? होता, पुष्कळदा होता. पण ‘गाव’ या शब्दाला तेव्हा वजन कशामुळं होतं ते यातून दिसतं. गाव म्हणजे जाब देणारं कुणीतरी. जो जाब देतो तोच ‘करतो’, आणि म्हणीतलं खरं वजनदार पद ‘करील’ हे आहे. आपण ‘गाव’ आणि ‘राव’ यांच्या यमकावरच खूश होतो.

माझ्यासाठी या म्हणीचा सगळ्यात जवळचा पुरावा आपल्या पायाखाली आहे. फडपद्धती, म्हणजे मिळून पाट राखायची आणि पाणी वाटून घ्यायची रीत, पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी निदान तीनशे वर्षं तरी चालत आली. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंतचे बारीक सारंग, जास्तीचं पाणी परत नदीला सोडायला सांडवा. शिवाराचे फड, म्हणजे मोठे पट्टे, पाडलेले आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. कुठल्या फडात यंदा ऊस आणि कुठल्यात हंगामी पीक, हे मिळून ठरायचं. प्रत्येकाचं थोडं रान प्रत्येक फडात असल्यानं उसाचा नफा एकाला आणि कोरडं रान दुसऱ्याला असं होत नव्हतं. एका फडात एकच पीक म्हणजे सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागणार, एकाच वेळी तुटणार. भांडणाचं मूळच छाटलेलं. या व्यवस्थेला कुणा रावानं कागदावर आराखडा काढून दिला नव्हता.

माझे वडील आपल्या फडाचे पाटकरी होते, हे तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल. शेताच्या मालकानं स्वतः बारं फोडायचं नाही, पाणी पाटकरीच देणार. मालक कितीही मोठा असो. रात्री तीन वाजता वडील कंदील घेऊन निघायचे. मी लहान होते, हट्ट करून मागं जायचे. ते पाटाच्या काठाला कान लावल्यासारखे वाकून चालायचे. खेकड्याच्या बिळातून पाणी पाझरायला लागलं की बारीक आवाज येतो, तो ऐकायचे. सापडलं की ढेकूळ पायानं दाबून बसवायचे. म्हणायचे, आत्ता एक ढेकूळ लागतं, सकाळी गाडीभर माती लागेल. राव खजिना उघडेल, हुकूम सोडेल. रात्री तीनला खेकड्याचं बीळ ऐकायला राव येणार नाही. म्हणीचा अर्थ वर्गात शिकवताना मला हे का सुचलं नाही, याचं आज वाईट वाटतं.

दसऱ्यानंतर पाटसफाई. तिची तऱ्हा मला डोळ्यांसमोर दिसते. वीस हाताचा एक दोर होता. ज्याचं जेवढं रान त्या हिशोबानं त्याच्या वाट्याला तेवढे हात पाट. वडील दोर टाकत जायचे, वाटा संपला की काठावर चुन्याची बोटं ओढलेला दगड, तिथून पुढच्याचा वाटा. काम टेलकडून सुरू व्हायचं आणि वर सरकायचं, म्हणजे हेडवाल्याला, पाटाच्या वरच्या तोंडाशी रान असलेल्याला, आधी टेल बघावं लागायचं. ज्याला येणं जमत नसेल त्यानं बदली माणूस द्यायचा, नाहीतर दिवसाची मजुरी पेटीत टाकायची. विधवेच्या घरचा वाटा दोन्ही बाजूंच्या वाटेकऱ्यांनी निम्मा निम्मा उचलायचा, पण वहीत नाव तिचंच लागायचं. एकदा एका मोठ्या घरानं ना माणूस पाठवला ना मजुरी. पाणी सुटलं तेव्हा वडिलांनी त्यांचं बारं उघडलं नाही. तो मालक आमच्या दारात येऊन ओरडला. वडील त्याला अहिराणीत एवढंच म्हणाले, “पानी सर्वास्नं शे, पाळी ज्यानी त्यानी शे.” संध्याकाळी मजुरी पेटीत पडली.

हे सांगताना मी जुन्या दिवसांच्या प्रेमात वाहून जात नाही. त्या वहीतली नावं मी पाहिली आहेत. त्यात माझ्या आईचं नाव नाही. पाटातून गाळाची घमेली डोक्यावरून काठावर टाकणाऱ्या सगळ्या बाया होत्या, वहीत त्यांच्या नवऱ्यांची नावं. फडाची राखण करणारे जागले भिलाटीतले. रात्रभर रानडुकरं हाकायचे, सुगीला धान्य मिळायचं. पण कुठल्या फडात काय पेरायचं हे ठरवायला गाव पारावर बसायचं, तेव्हा ते पाराच्या खाली उभे असायचे. त्यांना कुणी विचारत नव्हतं. ‘गाव तिथे महारवाडा’ ही म्हणही याच आपल्या भाषेतली. ज्या गावाचे गोडवे पहिली म्हण गाते, त्याच गावानं कुणाला कुसाबाहेर ठेवलं होतं ते दुसरी सांगते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याला संकुचित वृत्तीचं आणि अज्ञानाचं आगर म्हटलं, ते अनुभवातून आलेलं होतं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सभासद सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला. महाडच्या नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. आणि तरीही २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना चालत जाऊन त्या पाण्याला हात लावावा लागला, त्याबद्दल मार खावा लागला. वहीतला ठराव आणि ओंजळीतलं पाणी यांच्यामध्ये किती अंतर असू शकतं, ते महाडनं दाखवलं.

म्हणून जुनं गाव जसंच्या तसं परत आणा असं मी म्हणणार नाही. पण त्यातली मोजून, नाव घालून वाटा ठरवण्याची रीत टाकून देण्यासारखी नव्हती, आणि आपण नेमकी तीच टाकली.

का टाकली, याचं उत्तर एका वाक्यात येणार नाही. इंदापूर तालुक्यातून १८३५ साली इंग्रज अधिकारी गोल्डस्मिडची जमीनपाहणी सुरू झाली, विंगेटनं ती पुढं नेली आणि मुंबई इलाख्यात रयतवारी पक्की झाली. प्रत्येक खातेदार आपल्या नंबरचा सारा थेट सरकारला देऊ लागला. शेजाऱ्याच्या थकबाकीचा बोजा गेला, हे चांगलंच झालं, पण शेजाऱ्याशी असलेला हिशोबही त्याबरोबर सैल झाला. पुढं नदीवर वरच्या अंगाला धरणं झाली, लाटीपाडा झालं, अक्कलपाडा झालं, बंधाऱ्यात पाणी कधी आणि किती येणार हे आपल्या हातात राहिलं नाही. घरोघरी विहिरी, मग मोटारी, मग बोअर. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला पाटाची फिकीर उरली नाही. वडील गेल्यावर पाटकरी नेमलाच गेला नाही. कुणी नेमायचा, हे गावाला ठरवता आलं नाही.

गोव्यात खाजन शेतीचे बांध असेच. खारं पाणी अडवणारा बांध एका जागी फुटला तर सगळ्यांचं रान खारट होतं, म्हणून तिथली गावकारी, म्हणजे गावकऱ्यांची जुनी संस्था, मिळून बांध राखायची. तिचे रिवाज इतके पक्के होते, की १५२६ साली पोर्तुगीजांना ते लिहून काढावे लागले. पाटाच्या बाबतीत आपली अडचण ही, की आपला पाट तुंबला तर हेडवाल्याचं काहीच खारट होत नाही. फक्त टेलचे घाटे पोचट राहतात.

आता आणखी एका म्हणीबद्दल, जी मी ग्रामसभेतून बाहेर पडताना ऐकली. कुणीतरी मागून म्हणालं, “बारभाईची शेती, काय लागेल हाती.” खरं आहे, याच भाषेत ही म्हणही आहे. पण ‘बारभाई’ म्हटलं की ज्यांची आठवण होते, त्यांचा इतिहास म्हणीपेक्षा वेगळा आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, राघोबादादा गादीवर बसले. तेव्हा सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके आणि बाकीच्यांनी एकत्र येऊन कारभार हातात घेतला. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले, त्या तान्ह्या मुलाच्या नावानं राज्य चाललं. इंग्रजांशी लढाई झाली, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, पण राघोबादादा पुन्हा गादीवर आले नाहीत. म्हणजे त्या बारभाईंच्या हाती पुष्कळ काही लागलं, कारण फौज कुणी बघायची आणि दप्तर कुणी, हे त्यांच्यात ठरलेलं होतं. म्हणीतली शेती बुडते ती भाऊ बारा आहेत म्हणून नाही. नांगर कुणाच्या हातात आणि राखण कुणाची रात्र, हे ठरलेलं नसतं म्हणून बुडते. माझ्या मते या दोन म्हणी एकमेकींच्या विरोधात नाहीतच. वाटा ठरला की गाव, नाही ठरला की बारभाई.

असं आजच्या काळात होतं का, हे विचारणाऱ्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावकडे बघावं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. त्यांनी पाणी जमिनीच्या मापानं वाटलंच नाही, माणसांच्या डोक्यांवर वाटलं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल एवढं, घरामागे जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चातला वीस टक्के वाटा लाभधारकांनी स्वतः भरायचा. या एकेका नियमामागं किती भांडणं झाली असतील, याची कल्पना करून बघा. उसाचा नियम तर आपल्या गावात मांडण्याचंही धाडस कुणी करणार नाही. पण कुसाबाहेरच्या आणि भूमिहीन माणसाला ‘गावात’ घेण्याची खरी जागा हीच आहे, पाण्याच्या वहीत त्याचं नाव. वडिलांच्या वहीत जे राहून गेलं, ते नायगावनं करून दाखवलं. नगरकडचं हिवरे बाजारही दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं आणि त्यावरून पिकं ठरवतं. तिथंही केळी-उसाला मनाई गावानंच केली आहे.

आपल्याकडे तर कायदाही आहे. २००५ च्या अधिनियमानं पाणीवापर संस्थेला पाणी मोजून घेण्याचा आणि आपापसांत वाटून देण्याचा अधिकार दिला. आपली संस्था नोंदलेली आहे, फलक आहे, शिक्का आहे. गेल्या चार वर्षांत शिवारफेरी मात्र एकदाही झालेली नाही. संचालकांना मी दोष द्यायला बसलेले नाही. बाराजणांच्या संचालक मंडळाला आपण सगळ्यांनी मिळून एकटं सोडलं, आणि त्यात मीही होते. चार वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण सभेला मी गेले नव्हते, घरी पाहुणे होते.

तर आता माझी मागणी. निधीला माझा विरोध नाही. बंधाऱ्याच्या भिंतीला गेलेली फट आणि पहिल्या वळणावरचा गाळाचा डोंगर फावड्यानं हलणार नाही. त्याला जेसीबी लागेल, सिमेंट लागेल, त्याचा प्रस्ताव जरूर जाऊ द्या आणि त्यामागं कोण हेलपाटे घालणार त्याचं नावही ठरवा. पण बाकीचा पाट अडवून ठेवायला निधीचं कारण पुढं करू नका. लव्हाळा, बेशरम, मोरीतलं प्लास्टिक, हे आपण काढू शकतो. रब्बीचं पाणी सुटायच्या आत काढू शकतो.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय पहिला घ्या, शेवटी सगळे उठायला लागल्यावर नको. त्याआधी पाट मोजू. मोजायला शाळेतली नववी-दहावीची मुलं येतील, मी बोलून ठेवलंय. मोजमाप झालं की रानाच्या हिशोबानं वाटे पाडू आणि यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावू, तीनशे हात अमक्याचे, दीडशे हात तमकीचे, अशी. विहीर-बोअरवाल्यांचाही वाटा असू द्या, कारण पाट वाहिला की त्यांच्या विहिरीला झरा लागतो, हे त्यांनाही माहीत आहे. सात-बाऱ्यावर बाईचं नाव असेल तिथं यादीतही बाईचंच नाव येऊ दे. ज्यांच्याकडे रान नाही पण ज्यांची गुरं पाटावर पितात आणि ज्यांच्या बाया पाटावर धुणं धुतात, त्यांनाही सभेला बोलवा, आणि पाराच्या खाली उभं करू नका. ते काय म्हणतात ते ऐकून मगच त्यांचा वाटा ठरवा. पाटकरी नेमा. त्याला मजुरी द्या, धान्यात नको, महिन्याच्या महिन्याला पैशात. त्याच्या कामात मोठ्या घरानं ढवळाढवळ केली तर सभा त्याच्या बाजूनं उभी राहील, असं वहीत लिहा. आणि काम टेलकडून सुरू करा. नानांच्या बांधापासून.

सहीची वही या वेळी घरोघर फिरवू नका, एवढी कळकळीची विनंती. सही करायची त्यानं शाळेच्या पटांगणात यावं.

माझ्या नावावर तीस गुंठे आहेत. त्यांचा जो वाटा निघेल त्यावर ‘पाटकऱ्याची मुलगी’ असं लिहू नका, माझं नाव लिहा. गुडघ्यांमुळे फावडं मारणं जमणार नाही, त्यासाठी बदली माणूस मी पाहून ठेवला आहे. विळा अजून चालतो, लव्हाळा मी कापीन. वडिलांचा वीस हाताचा दोर आमच्या माळ्यावर होता, परवा खाली काढला. एका टोकाला उंदरांनी कुरतडलाय, दीड-दोन हात तोडून नवा पीळ जोडावा लागेल. तुमच्यापैकी ज्यांना दोर वळता येतो त्यांनी एकदा संध्याकाळी घरी या. २ ऑक्टोबरला तो घेऊनच सभेला येते.

तुमची,
बाई